करवत

पावणेसातला तिला आत नेलं.
बाहेर काळोख. म्हणजे नवीन काही नाही,
ट्रोम्सोत नोव्हेंबर सरताना सूर्य जातो तो जानेवारीतच परततो,
तोवर आम्ही दिव्यांवर भागवतो.

अंगठी निघत नव्हती.
नर्सने साबण लावला, मग तेल.
सुन्निवा म्हणाली, एकेचाळीस वर्षं रुजलीय, हिसका द्या.
निघाली तेव्हा बोटावर एक पांढरी खाच उरली,
तान्ह्या बाळाच्या मनगटाला असते तशी मऊ.
अंगठी आता माझ्या करंगळीच्या पहिल्याच पेरावर
अडून बसली आहे.

झडप गाईच्या कातड्याची बसवणार आहेत.
'रविवारी गाताना मी हंबरले
तर तू जोरात खोक,' म्हणाली.
आणि दार लोटता लोटता,
'टोरलाइफ, जेवून घे.'

मी होड्या बांधणारा माणूस.
डॉक्टर हेट्टांनी कागदावर रेघ ओढून दाखवलं,
छातीचं हाड असं उभं चिरायचं,
तेव्हा मी विचारलं, करवतीचे दात किती बारीक?
ते जरा दचकले. मग नीट सांगितलं.
मला ठाऊक आहे, गाठ आली की पातं कसं भरकटतं,
चिरलेलं पुन्हा जोडलं तरी
सांध्याला थंडी कशी आधी कळते.

श्रद्धा आमच्या घरात तिच्याकडे होती,
जसे तळघरातले बटाटे तिच्याकडे
आणि छपराची गळती माझ्याकडे.
चर्चमध्ये मी शेजारी बसायचो, पुस्तक धरून, ओठ हलवत,
मोठ्या गलबताच्या आडोशाने
लहान होडीनं खाडी ओलांडावी
तसा तिच्या आवाजाच्या आडोशाने.
आज शेजारी प्लास्टिकची खुर्ची,
तिच्यावर तिचा कोट.

पाळकबाईंचा फोन आला, सगळं गाव प्रार्थना करतंय.
आभार मानले. फोन ठेवला.
बोटांत बोटं गुंतवली.
काही आलं नाही.
भिंतीवरच्या घड्याळाचा काटा
ठोका घेण्याआधी किंचित मागे जातो, एवढंच दिसत राहिलं.

मग आलं, ते भांडणच होतं.
तू सुतार ना रे?
मग एका सुताराला सांग,
आपलं माणूस फळीवर आडवं घालून
हत्यार दुसऱ्याच्या हाती देऊन
बाहेर बसणं
तुमच्या घरात कुणाला जमलं होतं?

बोललो आणि जीभ चावली.
फळी. खिळे. दूर उभी असलेली आई.
मी हे विचारतोय कुणाला.

बाराच्या सुमारास खिडकीत तासभर निळं उजाडलं,
समोरचा डोंगर दिसला, पुन्हा बुजला.
पिशवीत तिने रात्रीच बांधून ठेवलेली भाकरी होती,
तपकिरी चीजचे दोन काप, कागदाची घडी तिच्या हातची.
घास उचलला आणि तोंडातून सवयीनं निघालं
ते अन्नावरचं, लहान मुलांचं, चार ओळींचं.
साठ वर्षं रोज म्हटलेलं,
अर्थ कधीच झिजून गेलेला, वल्ह्याच्या मुठीसारखा.
पण मूठ झिजते
तेव्हाच ती हातात बसते.
सगळं म्हटलं. परत म्हटलं.
समोरची बाई मोबाइलमधून मान वर करून बघत होती, बघू दे.
भाकरी सुकत गेली आणि मी
त्याच चार ओळी वल्हवत राहिलो.

जेवून घे म्हणाली होती.
माझं जेवण कुठून सुरू होतं
ते तिला ठाऊक नव्हतं असं नाही.

अडीचला दार उघडलं.
डॉक्टर हेट्टा. नाकावर मास्कचा वळ.
मी चेहऱ्याकडे बघितलं नाही, आधी हातांकडे.
हात लोंबत होते,
फळी फळीला नीट बसल्यावर माझे लोंबतात तसे.
'बसली,' ते म्हणाले. 'सुरूही झाली, आपली आपण.'
'हंबरली का?' मी विचारलं.
त्यांना ते कळलं नाही.
मला खोकला आला.
बराच वेळ येत राहिला.